चहा ठेवलाय, हात जपून

मी नेमकं काय काम करते, हे मी आईला बरेचदा समजावून सांगितलं आहे. तिचा समज असा की मी कॉम्प्युटर दुरुस्त करते, आणि तेवढं तिला पुरतं. नवरा साजगावच्या एका कारखान्यात आहे, त्याच्याबरोबरचे लोक विचारतात तेव्हा मीही तेच सांगून मोकळी होते. खरं तर मी काहीच दुरुस्त करत नाही. मी बिघाड शोधते, तोही शक्य तर बिघडायच्या आधी.

लिनक्स ही फुकट मिळणारी कॉम्प्युटर प्रणाली आहे. तिच्यावर चालणारे हजारो प्रोग्रॅम गोळा करायचे, त्यांची पॅकेजं बांधायची आणि लोकांपर्यंत पोचवायची, असं काम करणारे गट जगभर आहेत. त्यांतल्या एकासाठी मी कुंभिवलीच्या घरात बसून काम करते. खिडकीखालून हायवेचे ट्रक जातात, समोर टायरवाला आणि वडापाववाला, आणि माझे सहकारी कोण कुठल्या देशात. त्यांतल्या एकालाही मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.

आमच्या माहेरच्या गावात लग्नकार्याची मोठी भांडी गावकीची आहेत. एवढाली पातेली घरोघर कोण ठेवणार? ज्याच्या घरी कार्य, त्याने आधी सांगायचं की मला अमुक पातेलं लागेल, तमुक झाकण लागेल. प्रोग्रॅमचंही तसंच असतं. आवाज काढणं, अक्षरं दाखवणं, चित्र उघडणं ही कामं प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः करत बसत नाही. त्यासाठी लायब्ररी नावाचे सामायिक तुकडे असतात, आणि आपल्याला कोणती लायब्ररी लागेल ते प्रोग्रॅमने आधी जाहीर करायचं असतं. आता गावकीने जुनं पातेलं मोडीत घालून नवं आणलं आणि त्याला कोणाचं झाकणच बसेना, तर ऐन कार्याच्या दिवशी बोंब होणार. तशी ती होऊ नये म्हणून आम्ही एक तपासनीस बनवला आहे. माणूस नव्हे, प्रोग्रॅमच. लायब्ररी बदलली की तो आपणहून फेरी मारतो, ती कोणाकोणाला लागते ते बघतो, त्यांना हवं ते नव्या लायब्ररीत आहे का ते ताडून पाहतो. असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल. वर्षानुवर्षं माझा दिवस या खुणांनी सुरू झाला आहे.

बाबा भिवपुरीच्या वीजघरात कामाला होते. क्वार्टर सोडल्यावर जवळच्याच आमच्या गावात राहिले, पाऊसपाण्यावर थोडं भात करत. मग घसा धरला. तपासण्या झाल्या, मुंबईला ऑपरेशन झालं, आणि जीव वाचला तो स्वरयंत्र देऊन. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं, आणि आवाज नाही. त्याच सुमारास आईच्या डोळ्यांतला काचबिंदू पुढे गेला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही.

म्हणजे घरात माणसं दोन. एकाला बोलता येत नाही, दुसरीला दिसत नाही. बाबांनी हातवारे केले तर ते आईला दिसणार नाहीत, पाटीवर लिहिलं तर ती वाचणार कशी? देवाने अगदी जोडी जमवून दिली, असं आई हसत म्हणायची, आणि मला त्या हसण्याचा संताप यायचा. मी त्यांची एकटीच. कुंभिवलीला चला म्हणून मी गळ्यात पडले, पण दोघं ऐकतील तर शपथ.

त्यांनी त्यांची युक्ती काढली होती. बाबांच्या हाताशी स्टीलचा पेला आणि चमचा. एकदा वाजवला की हो, दोनदा वाजवला की नाही. आई प्रश्न विचारणार आणि बाबा पेल्यावर उत्तर देणार. भांडणंसुद्धा त्यावर व्हायची. आई एकटीच तावातावाने बोलत असायची आणि मधूनमधून टणटण, टणटण. एकदा बाबांनी चिडून पेला अंगणात भिरकावला, तर आई मला फोनवर म्हणाली, आज तुझ्या बाबाने लई मोठ्याने नाय म्हनलं.

मी एक जुना लॅपटॉप त्यांच्याकडे नेला. त्यावर मराठी बोलणारा एक छोटासा प्रोग्रॅम टाकला. आपण टाइप करायचं, तो वाचून दाखवणार. मोबाइलवर असलं काही नसतं का, असं लोक विचारतात. असतं. पण त्या घरात नेटवर्क धरायला ओट्यावर यावं लागतं, आणि बाबांचा अंगठा मोबाइलच्या तीन अक्षरांवर एकदम पडायचा. लॅपटॉपच्या बटनांवर मी मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवून दिले. चौक गावावरून कर्जतकडे स्कूटरवर जाताना तो लॅपटॉप मी पोटाशी बांधला होता.

पहिल्यांदा तो बोलला तेव्हा आई दचकली. आवाज सपाट, शहरी, एकेक शब्द मोजून टाकल्यासारखा. आमच्याकडे कोणी तसं बोलत नाही.

"ह्यो कुठला मास्तर आनून बसवलास गं घरात?" ती म्हणाली.

त्या दिवसापासून त्या आवाजाचं नाव मास्तर पडलं. बाबा एका बोटाने टाइप करत, जीभ ओठांत धरून. दोन ओळींना इतका वेळ लागायचा की आई मध्येच उठून मोरीवर जाऊन यायची. पण मास्तर बोलायला लागला आणि घर बदललं. वीजघरात असताना बाबा घरी येऊन जेवत आणि झोपत; बोलणं म्हणाल तर मीठ दे, पाणी दे. आता ते ओट्यावर बसून आईला काय दिसतंय ते सांगायला लागले. डोंगरावर ढग उतरलाय, वीजघराचे पाइप दिसत नाहीत. शेजारणीने हिरवं लुगडं नेसलंय, कुठे निघाली विचार तिला. आई सगळ्या गावाला सांगत सुटली, गळा होता तवा ह्यो मानूस कधी बोलला नाय, आता गप बसवत नाय त्याला.

गॅसजवळ आईला जाऊ देत नसत, म्हणून दुपारचा चहा बाबाच करायचे. पूर्वी कप पुढ्यात ठेवून ते पेला वाजवत. मग आई अंदाजाने हात पुढे करायची, आणि कधी कप कलंडायचा, कधी बोटं भाजायची. मास्तर आल्यावर रोज दुपारी एकच वाक्य ऐकू यायला लागलं. चहा ठेवलाय. हात जपून. मी बाबांना दाखवलं होतं की नेहमीचं वाक्य एका बटनावर साठवून ठेवता येतं, म्हणजे पुन्हा पुन्हा टाइप करायला नको. त्यांनी मान हलवली, आणि बऱ्याच वेळाने मास्तर मला म्हणाला, "तयार वाक्य दाबायचं म्हणजे ते काय बोलणं झालं?" ते रोज नव्याने टाइप करत. चहा निवायचा, पण करत.

हा प्रोग्रॅम ज्याने लिहिला होता त्याने तो कधीच सोडून दिला होता. आम्ही पोचवतो त्या पॅकेजांत तो होता, पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, म्हणून मी माझ्या अंगावर घेतला. वापरणारे किती असतील देव जाणे. माझ्यापुरता एक वापरणारा होता, तेवढं कारण पुष्कळ झालं.

मग आमच्या नव्या आवृत्तीची वेळ आली. त्या दिवसांत आम्हा सगळ्यांची धावपळ असते. शेकडो लायब्ऱ्या एकदम बदलतात आणि तपासनिसाला उसंत नसते. आवाजाची लायब्ररीही बदलली. तपासनिसाने फेरी मारली आणि बाबांच्या प्रोग्रॅमसमोर हिरवी खूण केली. ओट्यावर मोबाइलचं नेटवर्क मिळालं की लॅपटॉप आपोआप नवी पॅकेजं घ्यायचा, तशी त्याने ती घेतली.

आणि मास्तर मुका झाला.

त्याचं कारण सोपं आहे, आणि आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. काही प्रोग्रॅम आपल्याला कोणती लायब्ररी लागते ते आधी सांगतच नाहीत. ऐन वेळी, काम पडलं की मग शोधायला जातात. तपासनीस जाहीर केलेल्या गरजा तपासतो. जी गरज कोणी बोलूनच दाखवली नाही, ती त्याला दिसणार कुठून? हा प्रोग्रॅम तोंड उघडायच्या क्षणी आवाजाची लायब्ररी मागायचा, आणि नाही मिळाली तर चूक झाली, अमुक सापडलं नाही, असलं काही न म्हणता गुपचूप बसायचा. ज्याने लिहिला त्याला वाटलं असेल, उगाच माणसाला कशाला त्रास द्या.

अगदी आमच्या घरासारखा स्वभाव. मी रोज संध्याकाळी फोन करायचे. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, आणि मास्तर काय म्हणतोय? आई म्हणायची, बरं हाय. आमच्याकडे परगावी असलेल्या लेकीला दुसरं उत्तर द्यायची पद्धतच नाही. गाय मेली तरी बरं हाय, पाय मुरगळला तरी बरं हाय, आणि खरं काय ते लेक माहेरी आली की उंबऱ्यात कळतं. मला हे जन्मापासून माहीत आहे. तरी मी विचारायचे, उत्तर यायचं, आणि मी मनात हिरवी खूण करून पुन्हा स्क्रीनकडे वळायचे.

घरात मात्र पुन्हा पेला आणि चमचा बाहेर निघाला होता. बाबांना वाटलं, आपल्याच बोटाने भलतं काहीतरी दाबलं गेलं आणि पोरीची महागाची वस्तू बिघडली. त्यांनी टणटण करून आईला बजावलं की सांगायचं नाही.

त्या दुपारचं आईने मला नंतर सांगितलं, तेही एकदम नाही, तुकड्यातुकड्याने. जेवण झालं होतं. बाबा खाटेवर पडले होते आणि अवेळी पेला वाजवायला लागले. आई जवळ गेली. तिने विचारलं, पानी पायजे? टणटण. चहा करायचा राहिला म्हणून? टणटण. पाय चोळू? टणटण. गळ्याचं फडकं वलं झालंय? टणटण. पोट दुखतंय? टणटण. तिला सुचेल ते ती विचारत गेली. लेकीची आठवन येतेय? त्यावर पेला एकदा वाजला. आई म्हणाली, मंग सांजच्याला फोन येईलच की, तवा बोलू. आणि ती त्यांच्या उशाशी बसली. पुन्हा पेला वाजला, आणि तिला वाटलं, ते हो म्हणतायत.

छातीत दुखतंय का, हे तिने विचारलं नाही. ते तिच्या ध्यानीमनीच नव्हतं. आजार घशाचा होता, छातीचा नव्हता. चमचा खाली पडल्याचा आवाज आला तेव्हा तिने चाचपून पाहिलं, हाक मारली, आणि मग शेजारच्या काकूंना ओरडून बोलावलं. कर्जतला नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तरी खात्री देता आली नसती. हे वाक्य ते सगळ्यांनाच देत असतील. मी ते घेतलं आणि जपून ठेवलं आहे.

दिवसकार्य उरकल्यावर एक दिवस मी कोपऱ्यातला लॅपटॉप उघडला. तिथं माझं काहीच काम नव्हतं. बाबांची बोटं जिथं पडायची तिथले स्टिकर पुसट झाले होते. मला मास्तरचा आवाज ऐकायचा होता. मी आई असं टाइप केलं आणि बटन दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"ते बंद हाय," भिंतीला टेकून बसलेली आई म्हणाली.

कधीपासून, असं मी विचारलं. तिने सांगितलं. मी तिच्यावर ओरडले. नुकतंच सुतक फिटलेल्या घरात, माणसं ओट्यावर बसलेली असताना, आंधळ्या आईवर मी ओरडले की रोज विचारत होते ना, मग एका शब्दाने सांगायला काय झालं होतं, अर्ध्या तासाचं काम होतं माझं, अर्ध्या तासाचं.

"तूच म्हनालीस ना," ती म्हणाली, "सध्या मरायला बी टाइम नाय."

म्हणाले असेन. सगळेच म्हणतात. ती जागची उठली, भिंत धरत माझ्यापर्यंत आली आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. कोणी कोणाचं सांत्वन करायचं याचाच हिशेब चुकला होता. मी तिच्या मांडीत डोकं घालून रडले, आणि ती ओट्यावरच्या माणसांना म्हणाली, काय नाय, बरं हाय.

कुंभिवलीला परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते तपासनिसाचं. जाहीर केलेल्या गरजा वाचून गप्प बसायचं नाही, प्रोग्रॅम खरोखर सुरू करून पाहायचा. बोलणारा असेल तर त्याला बोलायला लावायचं आणि आवाज बाहेर पडला की नाही ते मोजायचं. नाही पडला तर लाल खूण, लायब्ररी अडवायची, पुढे जाऊ द्यायची नाही. ही कल्पना माझी नव्हे. ती आमच्या यादीत कधीची पडून होती, फक्त तिच्यासाठी कोणाला वेळ होत नव्हता. लिहायला फार दिवस लागले नाहीत. तपासणीसाठी एक वाक्य लागतं. लोक काहीही टाकतात, एक दोन तीन, नमस्कार जग. मी बाबांचं टाकलं.

एका सहकाऱ्याने विचारलं, हे वाक्य काय आहे? मी लिहिलं, चहा समोर ठेवला आहे, हात भाजणार नाही असा पुढे कर. तो म्हणाला, छान आहे, आणि त्याने माझा बदल स्वीकारला. त्याला आणखी काही सांगावं असं मला वाटलं होतं, पण इंग्रजीत ते कुठून सुरू करायचं ते कळेना.

आता आई माझ्याकडे असते. तिला इथलं काही आवडत नाही. ट्रकच्या हॉर्नने ती दचकते, पाण्याला चव नाही म्हणते, ते पाणी भिवपुरीचं नाही हाच त्याचा दोष. दिवसभर ती माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसते आणि माझी बोटं बटनांवर चाललेली ऐकते. तुझं टायपिंग लई घाईचं, असं एकदा म्हणाली. पुढचं बोलली नाही, पण मला कळलं ती कोणाची बोटं आठवत होती.

परवा आवाजाची लायब्ररी पुन्हा बदलली. तपासनीस फेरीला निघाला आणि मी बघत बसले. ही फेरी चालू असताना मी हल्ली दुसरं काही करूच शकत नाही. आईने विचारलं, काय चाललंय? मी तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. की लांब कुठल्यातरी देशातल्या मशिनीवर मास्तरला उठवून बोलायला लावतात, आणि तो तिथे बाबांचं वाक्य बोलतो. ती सरळ बसली.

"तितं कोन ऐकतं?"

"कोणी नाही. त्या मशिनीला स्पीकरच नाही. आवाज निघाला की नाही, एवढंच बघतात."

मला वाटलं, तिला वाईट वाटेल. पण ती म्हणाली, "मी तरी दुसरं काय बघायची गं? मास्तरचं निम्मं बोलनं कळायचं नाय मला. आवाज निगाला की झालं. मानूस घरात हाय, जागा हाय." जराशाने तिच्या कपाळाला आठी पडली. "पन खोटं कशाला बोलायला लावतेस त्याला? तितं चहा कुठाय?"

मी हसले आणि उठले. आलं घालून चहा केला, तिच्या पुढ्यात स्टुलावर कपबशी ठेवली. तेवढ्यात स्क्रीनवर निकाल यायला लागले म्हणून मी वळले. आमच्या पॅकेजची ओळ वर आली, हिरवी. मास्तर बोलला होता.

मागे कप बशीवर खणकला. जे वाक्य मी लांबच्या देशातल्या मशिनीला बोलायला लावलं होतं, ते मी स्वतः बोललेच नव्हते.

"भाजलं का गं?" मी विचारलं.

"नाय. बरं हाय."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. तिने हात पदराखाली नेला होता. तो मी बाहेर काढला, मूठ उघडली आणि खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. तीन बोटांची टोकं लाल झाली होती.